मशीन डबल मारतं तेव्हा

तुमचं काम तुम्ही दुसऱ्याला जितकं नीट शिकवाल तितक्या लवकर तुमची नोकरी जाईल, असं कळलं तर तुम्ही ते कसं शिकवाल? घाईनं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं. गुलाबी कागदावर छापून, कारखान्याच्या गेटवर उभी राहून वाटलंही होतं.

माझे वडील सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशीन, दोन माणसांच्या उंचीचं. वर एक जड ठोकळा, खाली लोखंडी साचा, त्याला सगळे डाय म्हणतात. पत्रा डायवर ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे, दोन्ही बटणं दाबायची. ठोकळा खाली येतो आणि गाडीच्या सीटखाली असते त्या चौकटीचा एक तुकडा तयार होतो. हे तुकडे पेट्यांत भरून जहाजानं अमेरिकेला जायचे. पप्पांनी अठ्ठावीस वर्षं हेच केलं. त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच आहे. माझ्या जन्माआधी ते प्रेसमध्ये गेलं, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्या पप्पांचं असंच असतं. आमच्या गल्लीत ते फारसं खोटंही नव्हतं.

पप्पा युनियनचे. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वाटून उरलेली पत्रकं आई मांडणीवर अंथरायची, डब्यांखाली घालायची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. डाळीचा डबा उचलला की खाली ‘जाहीर निषेध’, पोह्यांचा उचलला की ‘व्यवस्थापनाचा कुटिल डाव’. त्यामुळे मला पाचवी-सहावीतच जोरदार वाक्यं लिहिता यायला लागली, आणि घरातलं लिहायचं सगळं काम माझ्याकडे आलं.

त्यात कायझेनचे फॉर्म होते. दर महिन्याला प्रत्येक कामगारानं आपल्या कामात एक तरी सुधारणा सुचवायची, असा कंपनीचा नियम होता. फॉर्मवर दोन चौकोन, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधी काय अडचण होती, नंतर काय केलं. कामगारांना काम येत होतं, लिहायचा कंटाळा होता. मग संध्याकाळी पप्पा चहा घेत सांगायचे आणि मी लिहायची. पत्रा डायवर ठेवताना कोणत्या कोपऱ्याला आधी टेकवायचा. पावसाळ्यात पत्र्याला तेल किती लावायचं. डायला बारीक तडा पडत असेल तर तुकड्याच्या कडेवर नखानं कसं कळतं. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायची, चित्रं काढायची, बाण दाखवायची. मग शेजारचे काका, जे वेल्डिंगला होते, त्यांचे फॉर्म यायला लागले. मग अख्ख्या गल्लीचे.

“पोरीनं लिहिलं की पास होतंच,” काका म्हणायचे. “साहेब वाचतात का नाही कुणास ठाऊक, पण अक्षर बघून खूश होतात.”

बक्षीस म्हणून थर्मास मिळायचा. आमच्याकडे सहा थर्मास जमले. चहा घरात कुणी थर्मासमधून प्यायचं नाही.

एकदा, मी आठवीत असेन, पप्पांनी एक वेगळी गोष्ट सांगितली. त्यांचा प्रेस कधीकधी डबल मारायचा. म्हणजे एकदा ठोकळा खाली येऊन वर गेला की तो थांबायला हवा, पण ब्रेक तापून ढिला झाला की तो आपोआप दुसऱ्यांदा खाली यायचा. तेव्हा डायमध्ये पत्रा काढायला गेलेला हात असतो. पप्पांचं बोट असंच गेलं होतं. त्यानंतर त्यांनी मशीन ऐकायला सुरुवात केली. ठोकळा वर गेला की हवा सुटते, एकच लांब फुस्स. ब्रेक ढिला व्हायला लागला की तोच आवाज दोन तुकड्यांत येतो, फुस-फुस्स. तो आला की पुढच्या एक-दोन स्ट्रोकला मशीन डबल मारणार. लगेच हात बाहेर, मशीन बंद, हवेचा दाब बघायचा. इतकंच. पण ते कळायला त्यांना एक बोट आणि बरीच वर्षं लागली होती.

मी ते फॉर्मवर सुंदर लिहिलं. एका हाताचं चित्र काढलं, बाहेरच्या दिशेनं दोन बाण. फॉर्म परत आला. चित्र ठेवलं होतं, पण आवाजाच्या सगळ्या ओळींवर लाल पेनानं काट मारली होती. ‘हात बाहेर घेऊन मगच बटण दाबावे’ एवढंच उरलं होतं.

“साहेब म्हणाले, मशीनला सेन्सर लावलाय, हात आत असला की मशीन थांबतं. डबल मारणं शक्यच नाही,” पप्पा म्हणाले. “असं लिहिलं तर ऑडिटला आलेला माणूस लाईन बंद करेल.”

“पण ब्रेकच धरत नसेल तर सेन्सर थांबवणार कसं?”

“हेच मी म्हणालो.”

“मग?”

“मग थर्मास मिळाला.”

ती गोष्ट तिथंच राहिली.

लाईन जाणार हे आम्हाला नोटिशीनं कळलं नाही. आधी अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावर कर वाढवल्याच्या बातम्या आल्या, मग पेट्या कमी झाल्या, मग एक दिवस काही लोक येऊन प्रेसची लांबी-रुंदी टेपनं मोजून गेले. कामगारांनी ओळखलं. विकायच्या गाईचे दात बघतात तसं चाललं होतं, असं काका म्हणाले. महिनाभरानं कंपनीनं सांगितलं की सीटच्या चौकटीचं काम मेक्सिकोला जाईल, गाड्या जोडणाऱ्या कारखान्याच्या शेजारी. सहा प्रेस उचलून नेणार, दोन जुने इथं राहणार. तिकडची माणसं येतील, त्यांना आठ आठवडे काम शिकवायचं.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर तेव्हा रोज भांडणं व्हायची. मी पत्रकं घेऊन तिथं असायची, म्हणून ऐकलेलं आहे.

“तिकडं माणसं स्वस्त आहेत म्हणून नेतात,” एक जण म्हणाला.

“आपल्यापेक्षा स्वस्त? जगात आपल्यापेक्षा स्वस्त कोण आहे रे?” काका म्हणाले.

“अहो, हा प्रेस इथं आला तेव्हा कुठून आला होता?” एक वयस्कर फिटर म्हणाला. “मीच पेटी फोडली होती. मशीनच्या पॅनेलच्या दारावर आतून कुणाच्या तरी पोरांचा फोटो चिकटवलेला. गोरी पोरं. आम्ही पत्रीनं खरवडून काढला. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं का, की यांचं काय झालं असेल?”

“तुम्ही कोणत्या बाजूनं आहात?” काकांनी विचारलं.

“माझी बाजू चार महिन्यांत रिटायर होतेय.”

टपरीच्या कडेला कंत्राटी कामगार उभे असायचे. पेठ-सुरगाण्याकडचे, भात लावणीला गावी जाणारे आणि नंतर परत येणारे. त्यांचा गणवेश वेगळ्या रंगाचा, आणि आमच्या चर्चेत त्यांना कुणी घ्यायचं नाही. त्यांच्यातला एक जण एकदा हसत म्हणाला, “तुमची नोकरी चालली परदेशी. आमची तं कवा आलीच नव्हती.” सगळे हसले. मीही हसले. ते वाक्य पत्रकात घालावं असं मला वाटलं होतं, पण ते आपल्याच लोकांना लागेल म्हणून घातलं नाही.

युनियनच्या बैठकीत ठरलं की शिकवायला नकार द्यायचा नाही. नकार दिला तर कामावरून काढायला कारण मिळेल. पण कागदावर आहे तेवढंच शिकवायचं. कागदाबाहेरचं एक अक्षर सांगायचं नाही. तिकडे काम बसलं नाही, माल नापास झाला, एखादी डाय फुटली, तर लाईन परत येईल. पत्रक मी लिहिलं. मथळा होता, ‘कागदावर आहे तेवढंच!’ मला तो फार आवडला होता.

मग ती माणसं आली. एक इंजिनियर, एक दुभाष्या आणि एक प्रेस चालवणारी बाई, चाळिशीची, ठेंगणी, मनगटं जाड. आमच्या कारखान्यात प्रेसवर कधी बाई नव्हती. पहिल्या दिवशी सगळा विभाग तिचे हात बघत होता. दुसऱ्या दिवशी तिनं पत्रा उचलला तेव्हा सगळे आपापल्या मशीनकडे वळले. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी पैज लावून तिला हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. तिनं तो भाकरीवर पसरून भाकरी पोळीसारखी गुंडाळली, खाल्ली, आणि डबा पुढे करून आणखी मागितला. पैज हरलेल्यांना चहा पाजावा लागला.

त्या संध्याकाळी पप्पा घरी आले आणि बूट न काढता उंबऱ्यातच बसले.

“तुझं चित्र आलंय,” ते म्हणाले.

“कसलं चित्र?”

“हाताचं. दोन बाणांचं. तिच्याकडे जाडजूड फाईल आहे. आपले सगळे फॉर्म. तिकडच्या भाषेत करून आणलेत. पत्रा कसा टेकवायचा, तेल किती लावायचं, सगळं. ती माझ्याआधी पान उलटते.”

कागदावर आहे तेवढंच, असं मी लिहिलं होतं. कागदावर सगळं होतं. मीच लिहिलं होतं, आठ वर्षं, चांगल्या अक्षरात, चित्रांसकट. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती, कारण ती लाल पेनानं काटली होती. आता लाईन परत येण्याची आशा म्हणून आमच्याकडे उरली होती ती तेवढीच. मशीन डबल मारेल, दोन पत्रे डायमध्ये अडकतील, डाय फुटेल.

हे काकांनाही ठाऊक होतं. ते पप्पांना रोज आठवण करून द्यायचे. “त्या फुस्सचं बोलू नका हां. तेवढाच हुकमी पत्ता आहे आपल्याकडं.”

पप्पा मान हलवायचे. पण जेवताना त्यांचा घास मध्येच थांबायला लागला. एकदा म्हणाले, “ती पत्रा काढताना डावा हात आधी घालते.” त्यांनीही डावाच घातला होता.

सातव्या आठवड्यात त्यांनी त्या बाईला रविवारी घरी जेवायला बोलावलं. इंजिनियर आणि दुभाष्या त्र्यंबकला फिरायला गेले होते, ती एकटी होती. आईनं मटण केलं. बाईंना मराठी येत नव्हती, इंग्रजी येत नव्हती. मी इंग्रजीत फोनवर लिहायची, फोन त्यांच्या भाषेत बोलायचा, त्या उत्तर द्यायच्या, फोन मला इंग्रजीत दाखवायचा. असं आम्हाला कळलं की त्यांना दोन मुली आहेत, धाकटी माझ्या वयाची. की त्या आधी ज्या कारखान्यात होत्या तो बंद पडला, आणि काम आणखी दक्षिणेला गेलं. की ही नोकरी त्यांना आठ आठवड्यांनी पक्की मिळणार होती, काम शिकून आल्या तर.

जेवण झाल्यावर पप्पांनी बाईंसमोर पाट ओढला.

“बाळा, आता मी सांगतो ते तिला नीट सांग,” ते मला म्हणाले, आणि त्यांनी फुस्सची गोष्ट सांगायला सुरुवात केली.

आई स्वयंपाकघरात होती. मी फोन हातात धरून बसले. मी त्यांना थांबवलं. “पप्पा, युनियनचं ठरलंय.”

“माहिती आहे.”

“ही एकच गोष्ट आहे आपल्याकडे. लाईन गेली की परत येणार नाही.”

“लाईन कंपनीची आहे. न्यायची तिथं नेईल. हिची बोटं काय कंपनीची आहेत? सांग तिला.”

मी फोनवर लिहिलं. काय लिहिलं ते इथं सांगते, कारण मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी लिहिलं, ‘माझे वडील म्हणतात, मशीनवर काळजी घ्या.’ फोन बोलला. बाई हसल्या, छातीवर हात ठेवून मान तुकवली.

पप्पांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना फोनवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्यांनी शंभरेक माणसांना प्रेस शिकवला असेल.

“नाही सांगितलंस तू,” ते म्हणाले. “कळलं असतं तर हसली नसती.”

ते ओरडले नाहीत. त्यांनी ताट उपडं करून पाटावर ठेवलं. बाईंचा डावा हात धरून ताटावर ठेवला. आपला उजवा हात ठोकळ्यासारखा वर धरला. तोंडानं लांब आवाज काढला, फुस्स, आणि हात वरच ठेवला. पुन्हा फुस्स. मग फुस-फुस्स, आणि हात धाडकन खाली आणला, बाईंच्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबवला. मग आपलं अर्धं बोट त्यांच्यासमोर धरलं.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी हात झटक्यानं मागे घेतला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी फोन उचलून सगळं लिहिलं. आवाज, ब्रेक, हवेचा दाब, काटलेल्या ओळी, सगळं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन दोनदा वाचलं. पप्पांना त्यांनी आवाज पुन्हा काढायला लावला, आणि स्वतः काढून दाखवला, चुकीचा, मग बरोबर. आई दारात येऊन बघत होती. जेवणानंतर ही दोन माणसं समोरासमोर बसून तोंडानं फुस-फुस करत होती, आणि कुणालाच हसू येत नव्हतं.

सोमवारी टपरीवर पप्पांनी स्वतःच सांगितलं. लपवायचं नव्हतं त्यांना.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “विकलंत आम्हाला,” ते म्हणाले. “आणि मिळालं काय? साधा थर्मास तरी?” बाकीचेही बरंच बोलले. ते मी इथं लिहीत नाही, उद्या त्यांनाही वाईट वाटेल. मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते.

मग कडेला उभा असलेला तोच पेठकडचा कंत्राटी कामगार पुढे आला. त्या दिवशी तो हसत नव्हता.

“दादा, एक इचारू? मी तीन वर्षं तुमच्या शेजारच्या प्रेसवर हाय. जुन्या. तो बी असाच डबल मारतो का?”

पप्पा त्याच्याकडे वळले. “हो,” ते म्हणाले.

“मंग मला का नाय सांगितलं?”

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, फक्त ते मोठ्यानं कधी कुणी म्हटलं नव्हतं. पक्के कामगार कंत्राटी माणसाला खाचाखोचा सांगत नसत. सांगितलं तर तो पक्क्याचं काम कमी पगारात करेल, आणि मग पक्का कशाला हवा? हा ठराव कुठल्या बैठकीत झाला नव्हता. तो आपोआप पाळला जायचा, वर्षानुवर्षं, पप्पांकडूनही. मेक्सिकोच्या बाईंना काही सांगायचं नाही हे आम्हाला लगेच सुचलं, कारण आम्हाला त्याची सवय होती. मी त्या तीन वर्षांत किती पत्रकं लिहिली, कामगार एकजुटीची किती वाक्यं लिहिली! त्या माणसाच्या बोटांबद्दल एक ओळ नव्हती.

“माझी चूक झाली,” पप्पा त्याला म्हणाले. “चल, आता दाखवतो.”

“आता काय, आता तं दाखवालच,” तो म्हणाला. पण गेला त्यांच्याबरोबर.

लाईन गेली. ट्रेलर तीन दिवस येत राहिले, पाथर्डी फाट्याला वाहतूक अडायची आणि लोक हॉर्न वाजवून ट्रेलरवाल्यांना शिव्या द्यायचे. तिकडे काम बसलं, डाय फुटली नाही. पप्पांनी स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली. आता ते दिंडोरीच्या बाजूला एका वाइनरीत बाटल्या भरायच्या लाईनवर जातात, हंगामापुरते, ठेकेदारामार्फत. तिथलं जुनं कुणी त्यांना फारसं काही शिकवत नाही, असं ते सांगतात. तक्रार म्हणून नाही. आईनं विचारलं काम कसं आहे, तर म्हणाले, बसून असतं. काका अजून आमच्याकडे येत नाहीत. आईनं दिवाळीला फराळाचा डबा पाठवला, तो रिकामा परत आला नाही, तेवढंच.

त्या बाईंनी दोन महिन्यांनी फोटो पाठवला. प्रेससमोर उभ्या, दोन्ही हात वर केलेले. मी आधी बोटं बघितली.

मला विचारतात की पप्पांनी बरोबर केलं का. मी आता त्यावर पत्रक लिहू शकत नाही. मी दमले आहे, आणि नोकऱ्या पळवणाऱ्यांचा राग माझ्यात अजून तेवढाच आहे. एवढं मात्र कळलं की आपण जे लपवून ठेवतो त्यानं लाईन थांबत नाही. शेजारच्या माणसाचा हात मात्र जातो.

कारखाना सोडायच्या आदल्या दिवशी पप्पांनी मला खोक्याचा पुठ्ठा आणून दिला आणि जुन्या दोन प्रेससाठी आवाजाची गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून घेतली. दुपारपर्यंत सुपरवायझरनं तो काढला. दुसरा लावला, तोही काढला. तिसरा त्या पेठकडच्या माणसानं पॅनेलच्या दाराला आतून लावला. तो अजून आहे.

तुम्ही हे सातपूरला, अंबडला, सिन्नरला किंवा आणखी कुठल्या कारखान्यात सुट्टीत वाचत असाल, तर माझी विनंती आहे. तुमच्या मशीनबद्दल जे तुम्हाला माहीत आहे आणि कुठल्याच कागदावर नाही, ज्यानं कुणाचा हात वाचू शकतो, ते आज लिहा. तीन ओळी पुरतील. अक्षर कसंही असू दे. पाळी संपायच्या आत ते मशीनला लावा, आणि वेगळ्या रंगाचा गणवेश घातलेल्या शेजारच्या माणसाला स्वतः वाचून दाखवा.